ठाकुरद्वारच्या टेनिसवाल्या सरांकडचं गटिंग

गेल्या दोन वर्षांत माझ्या लेकीच्या टेनिस रॅकेटचं गटिंग, म्हणजे रॅकेटच्या जाळीच्या तारा (गट) नव्याने ओवून ताणून घेणं, अकरा वेळा झालं, आणि अकराही वेळा मुंबईत गिरगावातल्या ठाकुरद्वारच्या सरांकडेच. कोर्टावर भेटणाऱ्या पालकांना मी हे तोंडी सांगत आलेच आहे. पण परवा आणखी एक मुलगी कोपराला पट्टा बांधून आलेली दिसली, तेव्हा ठरवलं की एकदा सगळं नीट लिहून काढायचं.

आधी जायचं कसं ते सांगते. चर्नी रोडला पूर्वेला उतरा आणि ठाकुरद्वार नाक्याकडे चालत या. मेट्रोचं गिरगाव स्टेशन सुरू झाल्यापासून अंधेरीकडून येणाऱ्यांनाही सोपं झालंय. नाक्यापासून आत गेलेल्या एका वाडीत तळमजल्यावर त्यांची खोली आहे. पाटी नाही. सरांनी नाव आणि नंबर कुठे टाकू नकोस असं बजावलंय, त्यामुळे तेवढं लिहीत नाही. वाडीच्या तोंडाशी इस्त्रीवाला बसतो, त्याला "टेनिसवाले सर" म्हणा, तो बोट दाखवतो. सकाळी नऊ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी जाऊ नका, सर झोपतात आणि फोन उचलत नाहीत. रविवारी बंद.

मी तिथे पोचले ती एका चुकीमुळे. लेक तेव्हा बारा वर्षांची होती, नुकतीच मोठ्या रॅकेटवर आली होती. जुनं गट तुटलं म्हणून मी ऑफिसमधून येताना एका मोठ्या दुकानात रॅकेट टाकली. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, चांगलं टाकू ना?" मी हो म्हटलं. त्याने पूर्ण पॉलिएस्टरच्या तारांचं गट टाकलं, 57 पौंडांच्या ताणावर, म्हणजे बरंच घट्ट. खेळणारं कोण, किती वर्षांचं, आठवड्यातून किती दिवस खेळतं, यातलं त्याने काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. महिन्याभरात लेकीला उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. पाण्याची बाटली उचलताना हात मागे घ्यायची. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तीन आठवडे रॅकेट हातात धरायची नाही असं सांगितलं. त्या तीन आठवड्यांत मला सर आठवले.

सर म्हणजे माझेच सर. 1996 ते 1999 मी कॉलेजच्या टेनिस टीममध्ये होते आणि ते आमचे कोच. निवृत्तीनंतर ते घरी गटिंग करतात हे टीममधल्या एका मैत्रिणीकडून कानावर होतं, पण जाणं झालं नव्हतं. लेकीला आणि तिच्या रॅकेटला घेऊन गेले.

त्यांनी रॅकेट घेतलीच नाही. आधी लेकीला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "बाळ, हात दे बघू." तळहात उलटसुलट करून पाहिला. तर्जनीच्या मुळाशी घट्टा आहे का, करंगळीखाली सोललंय का, ते बघितलं. मग तिला म्हणाले, "मी हात पुढे करतो, तू रॅकेट धरतेस तसं माझं मनगट धर." तिने धरलं. "इतकं घट्ट धरतेस? रॅकेट पळून जाणार आहे का?" लेक हसली. मग गॅलरीत नेऊन तिच्याकडून चार फोरहँड आणि चार सर्व्हिस नुसत्या हवेत मारून घेतल्या. वाडीतली दोन मुलं क्रिकेट थांबवून बघत उभी राहिली. हे सगळं झाल्यावर रॅकेटकडे वळले. तारांवर अंगठा दाबला, तळहाताने एकदा थाप मारून आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तू टाकलंस?" त्या तीन शब्दांनी मला 1997 च्या कोर्टावर नेऊन उभं केलं.

मग कातरीने सगळ्या तारा कापल्या. मधून बाहेर, एक उभी एक आडवी, अशा क्रमाने, म्हणजे फ्रेमवर एका बाजूने ताण येत नाही. नवं गटिंग त्या दिवशी केलं नाही. "डॉक्टरांचे तीन आठवडे होऊ देत. गट बदललं म्हणून दुखणं जात नाही. ते पुन्हा येऊ नये एवढंच माझ्या हातात आहे," म्हणाले आणि रॅकेट तशीच परत दिली. घरात तारा नसलेली रॅकेट असली की मूल चोरून खेळत नाही, हेही कारण असावं.

तीन आठवड्यांनी त्यांनी मऊ मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मिळून केलेली तार, टाकलं, 48 पौंडांवर. त्यानंतर कोपर दुखलेलं नाही. यात डॉक्टरांच्या व्यायामाचा वाटा आहे, आणि सरांनी ग्रिप सैल करायला लावली त्याचाही आहे. पण त्या पॉलिएस्टरवर ती पुन्हा खेळली असती तर काय झालं असतं याचा विचार मला आजही करवत नाही.

ज्यांना यातलं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पॉलिएस्टरची तार कडक असते. 1997 मध्ये ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तन असल्या तारा लावून फ्रेंच ओपन जिंकला, आणि त्यानंतर व्यावसायिक टेनिस या तारेकडे वळलं. जोरात फटका मारला की उभी तार बाजूला सरकते आणि झटक्यात जागेवर येते, त्यामुळे चेंडूला भरपूर टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने गिरकी, मिळतो. पण ती सरकायला हाताला तेवढा वेग लागतो. बारा वर्षांच्या मुलीचा हात तेवढ्या वेगाने फिरत नाही, मग स्पिनचा फायदा मिळत नाही आणि चेंडूचा धक्का मात्र सरळ कोपरात जातो. शिवाय ही तार तुटायच्या कितीतरी आधी मरते. दिसायला धडधाकट असते, पण ताण गेलेला असतो. मोठे खेळाडू सामन्यागणिक नवं गट लावून घेतात. आपण तुटेपर्यंत सहा महिने तेच वापरतो. फेडररसुद्धा पूर्ण पॉलिएस्टर लावत नव्हता, उभ्या तारा नॅचरल गटच्या, म्हणजे आतड्यापासून बनवलेल्या, आणि आडव्या पॉलिएस्टरच्या अशी जोडी होती त्याची. दुकानदाराने "चांगलं" म्हणून महागातलं टाकलं, यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण चांगलं कोणासाठी, हे आधी ठरायला हवं.

आता सर काम कसं करतात ते सांगते, कारण पैसे त्याचेच आहेत. मशिन जुनं, हाताने फिरवायच्या दांड्याचं. फ्रेम सहा ठिकाणी पकडून बसवतात. पहिल्यांदा ग्रोमेट तपासतात, म्हणजे तार जिथून आत-बाहेर जाते त्या प्लास्टिकच्या नळ्या. एखादी फुटलेली असेल तर ती बदलल्याशिवाय पुढे जात नाहीत, कारण फुटक्या नळीच्या काठावर नवी तार आठ दिवसांत कापली जाते. मग उभ्या तारा, मधल्या दोनपासून सुरुवात करून डावीकडे एक, उजवीकडे एक. लेकीच्या रॅकेटला सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या. एका रॅकेटला साधारण बारा मीटर तार लागते.

बघण्यासारखं काम आडव्या तारांचं. प्रत्येक तार एकीखालून, दुसरीवरून, तिसरीखालून अशी सोळाही ताणलेल्या तारांमधून ओवायची. सरांचा उजवा हात ओवतो आणि डाव्या हाताचं बोट खालून प्रत्येक तार किंचित उचलून वाट करून देतं. तार ओढताना ती सरळ रेषेत ओढत नाहीत, पंख्यासारखी वर-खाली हलवत नेतात. उभ्या तारेच्या एकाच जागेवर घासली तर तिथे उष्णतेने खाच पडते, म्हणून. डोळे कित्येकदा रॅकेटवर नसतातच, बोलणं चालू असतं आणि बोटं पुढे सरकत असतात. त्यांच्या तर्जनीच्या टोकाला आडवी खोबण पडलीये. शेवटी सगळ्या तारा बोटांनी सरळ रेषेत आणतात, गाठ मारतात आणि रॅकेटच्या गळ्याच्या आतल्या बाजूला छोटा कागद चिकटवतात. त्यावर तारीख, तार आणि पौंड. एका रॅकेटला पाऊण तास. घाई केली तर "उद्या ये" म्हणतात.

हे हात कुठे तयार झाले तेही सांगितलं पाहिजे, कारण याच कारणासाठी मी लोकांना तिथे पाठवते.

सर गिरगावातच वाढले. अकरा-बारा वर्षांचे असताना एका जिमखान्यात बॉल बॉय म्हणून लागले, पुढे मार्कर झाले. नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल. मेंबरांना खेळायला जोडीदार मिळाला नाही की त्यांच्याबरोबर खेळणारा पगारी माणूस म्हणजे मार्कर. मेंबरला जमेल असाच चेंडू द्यायचा, त्याला पळवायचं नाही, पण त्याचा घाम निघाला पाहिजे. सर म्हणतात, "कोचिंग मी तिथेच शिकलो. समोरच्याला काय झेपतं ते पहिल्या पाच चेंडूंत कळलं पाहिजे, नाहीतर उद्या तो दुसऱ्या मार्करला बोलावतो." रॅकेट एका मेंबरने टाकून दिलेली, लाकडी, मानेपाशी तडा गेलेली. ती सरसाने चिकटवून लाकडी चौकटीत आवळून ठेवायची, नाहीतर मुंबईच्या हवेत वाकडी होई. गटिंगचे पैसे परवडायचे नाहीत, म्हणून जिमखान्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या गटवाल्याच्या हाताखाली दुपारी काम केलं आणि मोबदल्यात शिकून घेतलं. त्या काळी मशिनचा पत्ता नव्हता, तार हाताने ओढायची आणि आरीची मेख ठोकून धरायची.

1974 साली भारत डेव्हिस कप या देशादेशांच्या टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाच्या निषेधार्थ खेळला नाही. व्हरांड्यात मेंबर आठवडाभर वाद घालत होते, आणि मागे पाण्याच्या टाकीपाशी बॉल बॉयही. हे सर इतक्या बारकाईने सांगतात की मला ती टाकीसुद्धा दिसते.

पुढे कॉलेज, विद्यापीठाची टीम, मग स्पोर्ट्स कोट्यातून बँकेत नोकरी. बँकेसाठी आणि राज्य पातळीवर काही वर्षं खेळले. तिशीच्या आत गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण पहिल्यासारखा राहिला नाही. खेळाडू म्हणून जे व्हायचं होतं ते राहून गेलं, हे ते मोकळेपणाने बोलतात, त्यात कडवटपणा नाही. त्यानंतर आमच्या कॉलेजने विचारलं आणि ते कोच झाले. मानधन नावापुरतं होतं. सव्वीस वर्षं केलं.

मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांसारखंच आमच्याही कॉलेजला कोर्ट नव्हतं. एका जिमखान्यातली दुपारी एक ते तीनची वेळ मिळायची, कारण त्या उन्हात मेंबर फिरकायचे नाहीत. मातीचं कोर्ट. खेळायच्या आधी आम्हीच पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, मग सर बँकेतून यायचे. इन केलेला शर्ट तसाच, फक्त बूट बदललेले. 1996 च्या ऑगस्टमध्ये लिअँडर पेसने अटलांटा ऑलिंपिकमध्ये टेनिसचं कांस्यपदक मिळवलं, त्या आठवड्यात टीमच्या निवडीला चाळीस मुलं-मुली आल्या होत्या. एरवी दहा जमवताना मारामार. सरांनी चाळीसही जणांना खेळवून पाहिलं, दोन दुपारी गेल्या. मी त्यांतलीच. माझ्याकडे भावाची जुनी रॅकेट होती आणि सर्व्हिस कशी करतात ते मी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. सरांनी मला घेतलं. का, ते मी दोन वर्षांपूर्वी विचारलं. म्हणाले, "चेंडू बाहेर गेला की तू खाली बघायची नाहीस, पुढच्या चेंडूकडे बघायचीस."

दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची लढत डबल्सवर आली. तिसऱ्या सेटला 4-4 असताना माझं गट तुटलं. दुसरी रॅकेट घ्यायची माझी ऐपत नव्हती. सरांनी बाकाखालून टीमची एक रॅकेट काढून दिली. पहिला चेंडू मारला आणि मला कळलं की ही माझ्याच ताणाची आहे. आदल्या रात्री टीममधल्या प्रत्येकीसाठी काय लागू शकतं याचा विचार करून त्यांनी दोन जादा रॅकेट गट करून ठेवल्या होत्या, बँकेचं काम संपल्यावर, घरी, फुकट. तो सेट आम्ही 7-5 ने हरलो. सर बसमध्ये काही बोलले नाहीत, सगळ्यांना उसाचा रस पाजला.

त्या वेळी त्यांच्याकडे एक लांब वही असायची. हिशेबाची, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक खेळाडूला एक पान. लेकीच्या गटिंगच्या वेळी त्यांनी कपाटातून तशीच नवी वही काढली आणि तिचं पान सुरू केलं. मी सहज विचारलं, जुन्या आहेत का. काकूंनी माळ्यावरून काढून दिल्या. माझं पान सापडलं. त्यांच्या बारीक अक्षरात: "52. मनगटाने मारते. फोरहँडला उशीर. डबा आणत नाही, विचारणे." डब्याचं मी विसरले होते. त्या वर्षी घरी आईचं आजारपण होतं, आणि दुपारी कोर्टावर सरांच्या पिशवीत नेहमी एक पोळी-भाजीचा डबा जादा असायचा. मला वाटायचं तो सगळ्यांसाठीच आहे.

लेकीने ते पान वाचलं. काही बोलली नाही, पण हल्ली गटिंगला जायचं असलं की ती स्वतः तारीख सांगते.

आता पैसे. मजुरी 250 रुपये. तार त्यांच्याकडची घेतली तर साधं सिंथेटिक धरून 600-650 पर्यंत जातं, मल्टिफिलामेंटला हजाराच्या आसपास. तार आपण आणली तरी लावून देतात, फक्त मजुरी घेतात. यूपीआय चालतं, काकू बघतात. कॉलेजच्या टीमची मुलं आली तर मजुरी घेत नाहीत.

अडचणी आहेत त्या सांगते. रंगीत तारा, नव्या कंपन्यांची नवी नावं तिथे मिळणार नाहीत, चार-पाच प्रकार असतात तेवढेच. उद्या सकाळी मॅच आहे आणि आज रात्री हवं, असं जमत नाही. स्पर्धांच्या मोसमात दोन दिवस आधी द्यावी लागते. बॅडमिंटनची रॅकेट घेत नाहीत. खोली लहान, तीन माणसं आली की चौथ्याने गॅलरीत उभं राहायचं. धोबीतलावच्या दुकानांत इलेक्ट्रॉनिक मशिनवर अर्ध्या पौंडाच्या हिशेबाने ताण लावून मिळतो. ज्यांना तेवढी अचूकता लागते अशा मोठ्या खेळाडूंनी तिकडे जावं, सर स्वतःच तसं सांगतात.

आणि सगळ्यात मोठी अडचण काहींना वाटेल ती म्हणजे सर नाही म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांखालच्या मुलाला पूर्ण पॉलिएस्टर लावत नाहीत, तुम्ही तार घेऊन आलात तरी. जून ते सप्टेंबर नॅचरल गट लावत नाहीत. ते गाईच्या आतड्यापासून बनतं, दमट हवेत फुगतं आणि उसवतं, आणि चार हजारांची तार पावसात वाया जाते. माझ्यासमोर एक वडील चिडून निघून गेले. त्यांच्या मुलाच्या कोचने 56 पौंड पॉलिएस्टर सांगितलं होतं, आणि त्यांना गटिंग करणाऱ्याचा सल्ला नको होता. त्यांचा राग मला समजतो. आपण पैसे देतो तर सांगितलेलं काम व्हावं असं कुणालाही वाटेल. तरी माझं मत सरांच्या बाजूने आहे, कारण माझ्या "चांगलं टाका" ला नाही म्हणणारं त्या दिवशी कुणी असतं तर लेकीचे ते दिवस वाचले असते. तो मुलगा पुढच्या महिन्यात आईबरोबर आला. सरांनी मागचं काही काढलं नाही, म्हणाले, "हात दे बघू."

जाणार असाल तर एवढं करा. खेळणाऱ्याला बरोबर न्या, नुसती रॅकेट पाठवलीत तर परत येते. शाळेतून थेट गेलात तरी चालेल, मुलांना काकू काहीतरी खायला देतातच. पावसाळ्यात रॅकेटचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. गट तुटलं तर बाकीच्या तारा लगेच मधून बाहेर कापून टाका, फ्रेम वाकणार नाही. पण कापलेल्या तारा फेकू नका, पिशवीत घालून त्याही न्या. सर त्या टेबलावर पसरून कुठे तुटलंय ते बघतात. मधोमध झिजून तुटली असेल तर काही विचारत नाहीत. फ्रेमच्या काठाजवळ तुटली असेल, म्हणजे चेंडू मधोमध बसत नसेल, तर मुलाला गॅलरीत नेऊन चार फोरहँड मारायला लावतात.